लिंबाच्या रानातला खड्डा

जालना जिल्हा वेगळा झाला, त्याच साली राजूरच्या जुगलकिशोर शेठनं ट्रॅक्टर घेतला आणि चालवायला तातेरावला बसवलं. शेठचे पणजोबा राजस्थानातून आलेले, राजूरला धान्याचं दुकान तीन पिढ्यांचं. शेतीतलं शेठला फार कळत नव्हतं, पण माणूस बरोबर पारखता यायचा. आणि नांगराच्या कामात त्या भागात तातेरावच्या तोडीचं कुणी नव्हतं. सोळाव्या वर्षापासून तो सहा बैलांचा लोखंडी नांगर हाकत आला होता. त्यानं काढलेलं नांगराचं तास पाहून लोक म्हणायचे, दोरी धरून मारलंय. तिशीत आल्यावर त्याच्या हातात बैलांच्या कासऱ्याऐवजी स्टेअरिंग आलं एवढंच.

बैलांना दोन दिवस लागायचे ते रान तातेराव आता दुपारच्या भाकरीआधी उलथून टाकायचा. खालची माती वर आणि वरची खाली. रान जितकं खोल नांगरावं तितकं ते पिकतं, असं तेव्हा सगळेच मानायचे. तातेराव तर सगळ्यात जास्त. चतुर्थीला गणपतीच्या दर्शनाला आलेली माणसं देवळातून परत जाताना त्याला गाठायची, "आमचं रान कधी धरतो?" म्हणून विचारायची. त्याला ते आवडायचं. न आवडण्यासारखं त्यात काही नव्हतंच.

त्याची थोरली बहीण कौसल्या हसनाबादला दिलेली. तिचा नवरा बद्रीनाथ कमी बोलणारा माणूस. त्यांचं पाच एकर काळं रान होतं. कोपऱ्यात एक जुना कडूलिंब होता म्हणून त्याला लिंबाचं रान म्हणत. बद्रीनाथ त्या रानात कधी चप्पल घालून जात नसे. पायाच्या तळव्यालाच रानातलं कळतं, असं त्याचं म्हणणं. नांगर तो तीन-चार वर्षांतून एकदा, तोही चैत्रात रान कोरडंठक्क असताना, वरवर घालायचा. एरवी नुसता वरची माती हलवणारा वखर. रानाची माती मुठीत घेतली की रव्यासारखी मोकळी सुटायची.

ब्याऐंशीच्या दसऱ्यानंतर शेठनं तातेरावला सांगितलं, "एक दिवस ट्रॅक्टर तुझा. घरचं काही काम असेल तर कर ले. परवापासून धावड्याला आठ दिवस कामाला लागायचंय." तातेरावचं स्वतःचं रान नव्हतंच म्हणावं इतकं. त्याच्या मनात पहिल्यांदा अक्का आली. आजवर तो बहिणीला लुगडं-चोळी सोडून काही देऊ शकला नव्हता. आता ट्रॅक्टर घेऊन तो हसनाबादला निघाला, तेव्हा दिवाळीच्या भाऊबीजेचं अगोदरच उरकतोय असं त्याला वाटत होतं.

पण दोन दिवसांआधी तिकडे पाऊस झाला होता. मूग निघालेलं रान, ज्वारी पेरायची बाकी. बद्रीनाथ धुऱ्यावर, रानाच्या बांधावर, उभा होता. ट्रॅक्टर पाहून तो खाली वाकला, मूठभर माती उचलली आणि दाबून तिचा गोळा केला. गोळा त्यानं समोर टाकला. तो फुटला नाही, चेपला.

"तात्या, वापसा न्हाई आला अजून, खाली ओल लई हाये," तो म्हणाला. "चार दिवस थांब."

"चार दिवसांनी मी धावड्यात असतोय, दाजी. आजचाच दिस हाये माझ्याकडं."

"मंग ऱ्हाऊ दे. मी वखर घालून पेरतो."

तातेराव हसला. "वखरानं काय होतंय? ही काय बैलं हायेत चिखलात रुतायला? तुम्ही निस्तं सावलीत बसून बघा. अक्काचं रान हाये, माझ्या हातानं करून देतो."

बद्रीनाथनं एकदा कौसल्याकडं पाहिलं. ती भाकरी घेऊन नुकतीच आली होती. भावाच्या तोंडावरचा आनंद पाहून तिला नाही म्हणवेना. "करू द्या की," ती म्हणाली. "एवढ्या लांबून आलाय त्यो." मेव्हण्याला रानातून परत पाठवणं बद्रीनाथला जमणारं नव्हतं. तो बाजूला झाला.

दिवसभर ट्रॅक्टर फिरला. फाळाच्या बाजूनं जी माती उलथून पडत होती ती तेल चोपडल्यासारखी चमकत होती. तातेरावला ते चांगलं लक्षण वाटलं. मागचं जड चाक प्रत्येक फेरीला तासाच्या तळातून जात होतं आणि तळ दाबत होतं. तिकडं त्याचं लक्ष गेलं नाही. खालच्या अंगाला पाणी साचलं होतं, तिथं चाकं घसरून जागच्या जागी फिरली, तरी त्यानं रेटून बाहेर काढली. लिंबाच्या बुडाभोवती तेवढी ट्रॅक्टर वळायला जागा नव्हती, तो तुकडा तसाच सोडून दिला. संध्याकाळी त्यानं बहिणीच्या घरी पोटभर जेवण केलं. बद्रीनाथनं त्याच्या ताटात स्वतःच्या हातानं तूप वाढलं.

आठ दिवसांत ऊन पडलं आणि ती चमकणारी माती वाळून दगड झाली. डोक्याएवढी ढेकळं. कौसल्या आणि तिची बारा वर्षांची मुलगी बेबीनंदा, दोघी लाकडी मोगरीनं ढेकळं फोडत राहिल्या. एक ढेकूळ फुटायला चार-चार घाव लागत. ज्वारी उगवली ती विरळ, जागोजाग टक्कल पडल्यासारखी.

पुढच्या उन्हाळ्यात तातेराव पुन्हा आला. गेल्या साली रान बिघडलं हे त्याला दिसत होतं, पण त्याच्यापाशी एकच दवा होती. "अजून खोल घालतो, दाजी. मोकळं होईल बिलकुल." या वेळी रान कोरडं होतं. नांगर वर ढेकळांचा ढीग लावून गेला, तळाचा थर मात्र तसाच राहिला. त्या साली कपाशी लावली. पाऊस पडला की पाणी दोन-दोन दिवस वर उभं राही. चार दिवस उघडीप झाली की त्याच रानातली पानं सुकून लोंबत. शेजारचा धर्मराज म्हणायचा, "तुमचं रान पाणी पीत न्हाई, बद्रीभाऊ. निस्तं तोंड धुतंय." तिसऱ्या सालीही तातेरावनं नांगर घातला. चौथ्या साली त्याला कुणी बोलावलं नाही. तोही आपणहून गेला नाही.

भाऊबीजेला मात्र तो जायचा. बद्रीनाथ त्याची विचारपूस करायचा, बसायला घोंगडी टाकायचा. रानाचा शब्द काढायचा नाही. एकदा तरी दाजीनं चिडून बोलावं, असं तातेरावला वाटायचं. शिवी दिली असती तरी बरं झालं असतं. ते काही झालं नाही. परत येताना सायकलवर त्याला तो लिंब लांबून दिसायचा आणि तो मान दुसरीकडं वळवायचा.

शहाऐंशीच्या हिवाळ्यात बद्रीनाथला कावीळ झाली. आधी गावठी औषध झालं, मग जालन्याला नेलं. पंधरा दिवसांनी डॉक्टरांनी घरी न्यायला सांगितलं. तातेराव भेटायला गेला तेव्हा तो ओसरीवर बाजेवर पडला होता. अंग हळदीसारखं पिवळं, पोट फुगलेलं, हातपाय काटकुळे. कौसल्या घरात पेज करत होती. बद्रीनाथनं त्याला जवळ बोलावलं.

"तात्या, एक काम करशील?"

"सांगा ना, दाजी."

"रानात जा. मधोमध एक खड्डा घे. हातभर खोल. अन् काय दिसतं ते मला येऊन सांग."

तातेराव कुदळ आणि फावडं घेऊन गेला. दुपारचं ऊन होतं, कपाशी वेचून संपलेली, नुसत्या वाळल्या पऱ्हाट्या उभ्या होत्या. त्यानं मधली जागा पाहून कुदळ घातली. वर चार बोटं भुरभुरीत धूळ. त्याखाली ढेकळं. वीतभर खाली गेल्यावर कुदळ खणकन वाजली. त्यानं पुन्हा मारली, पुन्हा तसाच आवाज. दगड लागला असेल म्हणून त्यानं बाजूला उकरलं. दगड नव्हता. माती होती, पण घडी घातल्यासारखी, थरावर थर बसलेली, करड्या रंगाची, पाण्याचा थेंब आत न गेलेली. खाली हातभर तो नेटानं उतरला, तेव्हा त्या थराखाली पुन्हा मऊ काळी माती लागली. चांगली, कोवळी. तिच्यापर्यंत कुणी पोचलंच नव्हतं.

त्यानं एक पऱ्हाटी मुळासकट काढली. सोटमूळ वीतभर सरळ गेलं होतं. थराला टेकल्यावर ते काटकोनात वाकलं होतं आणि आडवंच, थरावरून सरपटत, बाहेर जायची वाट शोधत हातभर गेलं होतं. पुढं बारीक होऊन वाळलं होतं. तातेराव ते मूळ हातात धरून खड्ड्याच्या काठावर बसला. थर नेमका फाळाच्या खोलीवर होता. बोटं लावून मोजायची गरज नव्हती. ती खोली त्यानंच ठरवलेली होती.

तो किती वेळ बसला हे त्यालाही पुढं आठवत नसे. मग त्यानं खड्डा बुजवला. ते मूळ त्यानं धुऱ्यावर फेकून दिलं आणि हात-पाय धुऊन ओसरीवर आला.

बद्रीनाथनं डोळे उघडले. "काय दिसलं?"

"चांगलंय, दाजी," तातेराव म्हणाला. "खालपोत्तर मऊ हाये. ओल बी हाये."

बद्रीनाथनं त्याच्याकडं बराच वेळ पाहिलं. मग मान हलवली आणि कुशीवर वळला. पाचव्या दिवशी तो गेला.

त्याच्या दहाव्याला तातेराव नदीवर होता, तेराव्याच्या पंगतीत वाढत होता, लोकांशी बोलत होता. आतून मात्र ते दोन शब्द त्याला सोडत नव्हते. मरणाऱ्या माणसाला त्यानं खोटं सांगितलं होतं, तेही त्याच्याच रानाबद्दल. रोज तो ट्रॅक्टरवर बसायचा, कुणाकुणाच्या रानात फाळ टेकवायचा, आणि त्याला खालून तो खणकन आवाज ऐकू यायचा. यंत्राच्या गोंगाटात तसला आवाज ऐकू येणं शक्य नाही हे त्याला कळत होतं. तरी यायचा.

वर्षभरानं त्यानं शेठच्या दुकानात जाऊन किल्ली गल्ल्यावर ठेवली.

जुगलकिशोर चकित झाला. "अरे, पागल झाला का तातेराव? कुणी जास्ती देऊन राह्यलं का?"

"न्हाई शेठ. मला आता नांगर मारवत न्हाई."

"तब्येत का?"

"तब्येत चांगलीय."

शेठनं जास्त विचारलं नाही. दुसरा माणूस बसवला. तातेरावच्या बायकोनं, पुष्पाबाईनं, चार दिवस अबोला धरला. घरात येणारा पैसा बंद झाला होता, ती तरी काय करणार. मग एक दिवस तिनंच विचारलं, "मंग करणार काय तुम्ही?" तो म्हणाला, "अक्काचं रान करतो."

कौसल्यानं काही हरकत घेतली नाही. एकट्या बाईला रान आवरत नव्हतंच. तातेराव पहाटे सायकलवर निघायचा, दिवसभर लिंबाच्या रानात राहायचा आणि दिवस मावळायच्या आत परतायचा. पहिले काही दिवस तो नुसता जागोजाग खड्डे घेत होता. वरच्या अंगाला, मध्ये, खालच्या अंगाला. सगळीकडं तोच थर. एक दिवस भाकरी खायला लिंबाखाली बसला असताना त्यानं सहज तिथली माती उकरली. बोटं मनगटापर्यंत आत गेली. वर लिंबाच्या पानांचा, काड्यांचा कुजका पालापाचोळा, त्याखाली ओलसर, दाणेदार माती, आणि तिच्यात वळवळणारी गांडुळं. ट्रॅक्टर वळला नव्हता तो हा तुकडा. एकाच रानातली माती, एकाच पावसातली. दहा पावलांचं अंतर.

तातेराव शाळेत चौथीपर्यंत गेलेला. पण त्या दिवशी त्याला जे कळलं ते कुठल्या पुस्तकातलं नव्हतं. नांगर लागला नाही आणि अंगावर पांघरूण राहिलं, म्हणून ही माती जिवंत होती.

त्यानं ठरवलं की हे रान पुन्हा नांगरायचं नाही. वैशाखात रान तडकलं, भेगा पडल्या, तेव्हा त्यानं पहार घेतली. भेगांच्या कडेनं पहार ठोकून तो थर जागोजाग फोडू लागला, माती न उलथता. पाच एकराचं काम माणसाच्या हातानं होणारं नव्हतं. त्या उन्हाळ्यात एक एकर झालं. हाताला फोड आले, फुटले, घट्टे पडले.

पांघरुणाचा प्रश्न त्याहून अवघड निघाला. कडबा बैलांचा. बाजरीचं सरमाड म्हशीचं. उरल्या पऱ्हाट्या, त्या चुलीच्या. तातेरावनं पऱ्हाट्या कोयत्यानं तोडून रानात अंथरायला सुरुवात केली तेव्हा बेबीनंदा कमरेवर हात ठेवून उभी राहिली. ती आता अठराची झाली होती.

"मामा, अन् चूल कशावर पेटवायची? तुमच्या रानाला गोधडी पांघरता, आम्ही काय कच्च्या पिठावर राह्यचं?"

कौसल्या म्हणाली, "जाऊ दे बेबे. मी बाभळीच्या काटक्या आणीन." आणि ती खरंच आणू लागली. ओढ्याकाठून, लांबून, डोक्यावर मोळी घेऊन. बहिणीच्या डोक्यावरची ती मोळी तातेरावला पाहवायची नाही. मग तोच राजूरहून येताना सायकलला लाकडं बांधून आणायचा.

पहिल्या साली चूक झाली. त्यानं काडीकचरा वखरानं मातीत मिसळला. पीक पिवळं पडलं, कारण कुजणाऱ्या काडीनंच मातीतला कस ओढून घेतला. दुसऱ्या साली त्यानं सगळं वरच ठेवलं, ओळींच्या मधल्या पट्ट्यात. वाळवी लागली. धर्मराज धुऱ्यावरून ओरडायचा, "तातेराव, उकिरडा करून राह्यला का काय रानाचा? बद्रीभाऊचं रान आरशासारखं असायचं!" पेरायच्या वेळी तिफणीच्या फणात काड्या अडकायच्या, दर चार पावलांवर थांबून काढाव्या लागायच्या. तातेराव मान खाली घालून काढत राहायचा.

तिसऱ्या साली थोडा फरक दिसला. पावसाचं पाणी वाहून जाताना आधी गढूळ असायचं, ते आता नितळ जाऊ लागलं. पावसाच्या थेंबांनी वरची माती बसून जी पापडी धरायची, ती काडीखाली धरेना. हे कुणाला सांगावं असं काही नव्हतं. पण तातेराव धुऱ्याच्या तोंडाशी वाकून ते पाणी पाहत उभा राहायचा.

बेबीनंदाचं लग्न धावड्याला झालं. त्याच साली, एक्क्याण्णवच्या मे महिन्यात, धर्मराजनं भर दुपारी आपला धुरा पेटवला. दर साली पेटवायचा. त्या दिवशी वावटळ आली. ठिणगी उडाली आणि तीन वर्षांचं पांघरूण धडाधडा पेटलं. तातेराव लिंबाखाली होता. तो गोणपाट घेऊन धावला, कौसल्या घागर घेऊन धावली, धर्मराजही लिंबाचा डहाळा मोडून आग बडवू लागला. तासाभरात सगळं संपलं. पाच एकरांतलं अडीच एकर काळं पडलं होतं. धर्मराज हात जोडून म्हणाला, "तातेराव, जाणून केलं न्हाई, आई शपथ." डोळ्यांत राख गेलेली, भुवया होरपळलेल्या, तातेराव तसाच खाली बसला.

धर्मराज गेल्यावर कौसल्या घागरीत उरलेलं पाणी घेऊन त्याच्याजवळ आली. तो प्यायला नाही.

"अक्का, हे मला भोवलं," तो म्हणाला.

"काय?"

"मी दाजीला खोटं सांगितलं. मरायच्या आधी. त्यांनी खड्डा घ्यायला लावला व्हता. मी सगळं पाह्यलं. माझ्या फाळानं केलेलं पाह्यलं. अन् जाऊन सांगितलं की चांगलंय म्हणून. पाच वरसं झाली अक्का. त्यांना खरं माहीत नसताना ते गेले."

कौसल्या त्याच्या शेजारी बसली. पदराच्या टोकानं तिनं त्याच्या कपाळावरची काजळी पुसली, लहानपणी पुसायची तशी.

"त्यांना माहीत व्हतं," ती म्हणाली.

तातेरावनं वर पाहिलं.

"तुझ्याआधी आठ दिस मला पाठवलं व्हतं त्यांनी. वरच्या अंगाला मी घेतला खड्डा. वाकडं मूळ नेऊन दाखवलं. लई वेळ हातात धरून बसले व्हते."

"मंग मला काहून पाठवलं?"

"तू बघावं म्हणून. आपण सांगितलं तर त्याला बोलल्यासारखं होईल, त्याचं त्यानं बघितलेलं बरं, असं म्हणले."

"अन् मी खोटं बोललो ते?"

"तू गेल्यावर मला म्हणले, तात्यानं पाह्यलं. तोंडावरून कळलं मला. आता रानाची काळजी न्हाई." कौसल्यानं घागर बाजूला सरकवली. "मी तुला हे आधीच सांगायला पायजे व्हतं. पण तू रोज यायला लागला. सांगितलं तर तू यायचा थांबशील, असं मला वाटायचं. एकटीनं कसं केलं असतं मी? माझंबी खोटंच झालं ते."

राखेतून धुराच्या बारीक रेघा निघत होत्या. तातेराव रडला ते त्यानं लपवलं नाही. नवरा गेल्यावर भावासमोर कधी न रडलेली कौसल्याही त्या दिवशी रडली.

पाणी पिऊन तो उठला आणि जळालेल्या तुकड्यात गेला. पायानं राख बाजूला सारली, बोटानं उकरलं. वरची दोन बोटं माती भाजून निघाली होती. त्याखाली ती अजून थंड होती, आणि मऊ.

पुन्हा सुरुवात झाली. या वेळी धर्मराजनं स्वतःच्या पऱ्हाट्यांची गाडी आणून टाकली. त्यानंतर त्यानं धुरा कधी पेटवला नाही. पुढं सोयाबीन आलं. शेठकडं मळणी यंत्र आलं, आणि सोयाबीनच्या भुसकटाचे ढीग जागोजाग पडू लागले, ज्यांना जनावरं फारशी तोंड लावत नसत. जुगलकिशोर शेठ म्हणाला, "घेऊन जा तातेराव, लोक जाळूनच टाकतात." चुलीच्या पऱ्हाट्या चुलीला राहिल्या. बेबीनंदा माहेरी आली की मामाला म्हणायची, "आता तुमची अन् माझी भांडणं मिटली." धावड्याहून येताना ती मिरचीच्या वाळल्या झाडांची पोती एसटीच्या टपावर टाकून आणायची. कंडक्टर कुरकुरायचा, ती ऐकायची नाही.

दर उन्हाळ्यात थोडं थोडं करून पहार सगळ्या रानात फिरली. अठ्ठ्याण्णव-नव्व्याण्णवच्या सुमाराला एकदा भर श्रावणात तीन आठवडे पाऊस उघडला. आजूबाजूच्या रानांत कपाशीनं माना टाकल्या. लिंबाच्या रानातली कपाशी दुपारी थोडी मलूल व्हायची, पण सकाळी पुन्हा ताठ उभी असायची. पीक काही भरघोस आलं नाही. जे आलं ते पदरात पडलं, इतकंच. त्या साली तेवढंही पुष्कळांना मिळालं नव्हतं. तातेरावनं पीक निघाल्यावर एक झाड उपटलं. मूळ सरळ गेलं होतं. त्यानं ते बहिणीला दाखवलं. तिनं हातात घेतलं, अंगठ्यानं चाचपलं आणि घरात नेऊन बद्रीनाथच्या फोटोखालच्या कोनाड्यात ठेवलं.

लोक विचारायला यायचे. तातेराव कुणाला मोठं करून सांगत नसे. "लई वरसं लागतात," एवढंच म्हणायचा. ते ऐकून बहुतेक परत जायचे. कुणाकुणाच्या रानात कितीदा नांगर घातला हे त्याला पाठ होतं. धर्मराजनं एक एकर न नांगरता ठेवलं, तेव्हा तातेराव दोन उन्हाळे त्याच्याकडं पहार घेऊन गेला, न बोलावता, पैसे न घेता.

एक गोष्ट मात्र झाली नाही. रानाच्या खालच्या अंगाला, जिथं पहिल्या नांगरणीच्या दिवशी पाणी साचलेलं असताना चाकं घसरून जागच्या जागी फिरली होती, तो दहा पावलं रुंद पट्टा काही केल्या सुधारला नाही. तिथंही पहार घातली, भुसकट घातलं, तागाची पेरणी केली. दोन-तीन वर्षं बरा वाटायचा, मग जोराचा पाऊस झाला की पुन्हा बसायचा. तिथली ज्वारी गुडघ्याच्या वर जात नसे.

दोन हजार तीनच्या उन्हाळ्यापर्यंत कौसल्याला नीट दिसेनासं झालं होतं. तिची साठी होऊन गेलेली. तरी रोज ती काठी टेकत रानात यायची, अनवाणी. त्या दिवशी दोघं धुऱ्याकडून चालत होती. भुसकटावरून पाय टाकताना मऊ आवाज येत होता. चालता चालता ती थांबली. तळव्यानं जमीन चाचपली.

"तात्या, हितं अजून कडक हाये."

"हाय," तो म्हणाला.

"जाईल का कधी?"

तातेरावनं पट्ट्याकडं पाहिलं. "आपल्या हयातीत न्हाई जायचं, अक्का."

कौसल्यानं मान हलवली. काठी बाजूला ठेवून ती खाली बसली आणि भुसकटाचं पोतं हातानं शोधू लागली. तातेरावनं ते तिच्याजवळ ओढलं, तोंड सोडलं. तिनं ओंजळ भरली आणि समोर पसरली. मग दुसरी. तो दुसऱ्या टोकानं पसरत तिच्याकडं येऊ लागला.